एक बाई जेवायची राहिली आहे

“आजचं अळू तुझं,” दुर्गाकाकू म्हणाल्या आणि त्यांनी पातेल्यातला मोठा डाव माझ्या हातात दिला.

मी डाव घेतला खरा, पण माझा विश्वास बसेना. दीड वर्ष मी त्यांच्या हाताखाली होते. दीड वर्षात मी किती नारळ खवले, किती कोथिंबीर निवडली याची गणती नाही. पण आख्खा पदार्थ कधी माझ्या नावावर झाला नव्हता.

“मी? मथूताई करील की, काकू.”

“मथू पोळ्यांना बसलीय. आणि तू काय जन्मभर कोथिंबीरच निवडणार आहेस?” काकूंनी पदर खोचला. “नीट ऐक. बाजारात आज आंबट चुक्याची भाजी मिळालेली नाही. चुका नाही म्हणजे सगळी भिस्त चिंचेवर. कोळ दुप्पट घालायचा. आजचं अळू जमलं, तर दिवाळीपासून लहान कार्यं तू एकटीनं घ्यायचीस. कळलं?”

कळलं होतं. म्हणून तर डाव दोन्ही हातांनी धरला होता.

ही गोष्ट सांगलीची, पंच्याऐंशी सालच्या श्रावणातली. गावभागात आपटे मास्तरांच्या घरी त्यांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. मास्तर एका शाळेचे निवृत्त हेडमास्तर. वय एक्याऐंशी, आवाज मात्र अजून शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा. दोन पंगती, सव्वाशे पान. दुर्गाकाकूंच्या हाताचा स्वयंपाक म्हटला की माणसं आदल्या रात्री कमी जेवत, असा त्यांचा लौकिक.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची. मॅट्रिकला दोनदा नापास, ठरलेलं लग्न मोडलेलं, काकूंकडे राहायला येण्याआधी इस्लामपूरला भावाच्या घरी ‘कुमुद, हे कर’ आणि ‘कुमुद, ते राहिलं’ एवढ्यापुरतीच. भाऊ-वहिनी वाईट नव्हते. मला टाकून बोलायचं काम त्यांना करावंच लागलं नाही, ते माझं मीच चोख करत असे. हातून कपबशी फुटली की वहिनी म्हणायच्या, “जाऊ दे,” आणि मी रात्रीपर्यंत मनातल्या मनात म्हणत असे, “बावळट आहेस, तुझ्याच्यानं काही होणार नाही.” करपलेली पोळी, फुटका लाडू, तळाची खरवड हे माझं ठरलेलं जेवण होतं. कुणी वाढत नव्हतं, मीच उचलून घ्यायची. काकूंकडेही तेच चाललं होतं, आणि तिथे ते कुणाच्या डोळ्यांवर आलं नाही. कारण कार्य उरकलं की आम्ही सगळेच उभ्याउभ्या, हाताला लागेल ते खायचो. काकूसुद्धा.

तर अळू. देठं सोलली होती, पानं चिरली होती, हरभऱ्याची डाळ आणि दाणे भिजवलेले होते. चिंचेचा कोळ मी स्वतः काढला, चांगला दाट, मोठं वाडगं भरून. माशी बसू नये म्हणून वर ताटली झाकली आणि वाडगं कोपऱ्यात ठेवलं. अळू शिजलं, घोटलं, डाळीचं पीठ लावलं, गूळ घातला. गुळानं असा सुरेख काळसर रंग चढला की माझं मलाच कौतुक वाटलं. आता कोळ घालायचा, एवढ्यात माजघरातून काकूंची हाक आली, “कुमुद, नैवेद्याचं ताट घासून आण गं, चांदीचं!”

मी गेले. ताट घासलं, पुसलं, दिलं. परत आले तर अळू रटरटत होतं. मी फोडणी केली. हिंग-मेथीचा असा वास सुटला की बाहेर ओसरीवरच्या माणसांनी माना वळवल्या.

आता कुणीही विचारील, बाई, एकदा चाखून नाही का बघायचं? नाही बघायचं. नैवेद्य दाखवल्याशिवाय जिभेला काही लावायचं नाही, हा काकूंच्या स्वयंपाकघरातला पहिला नियम. मीठ अंदाजानं, तिखट रंगावरून आणि आंबट वासावरून. काकूंचा अंदाज चाळीस वर्षांत चुकला नव्हता, असं सगळे सांगत. मी वास घेतला. नाकात हिंगाशिवाय दुसरं काही शिरलंच नाही.

पहिली पंगत बसली. साठ पानं. उदबत्त्या, रांगोळी, पाटावर मधोमध आपटे मास्तर, खांद्यावर नवी शाल. मी दाराच्या फटीतून बघत होते. एकानं अळूचा भुरका मारला आणि शेजाऱ्याला म्हणाला, “वा! रंग बघा.” माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. खोटं कशाला सांगू, त्या दोन मिनिटांत मी दिवाळीपासूनची सगळी कार्यं मनात उरकून टाकली.

मग कुणीतरी श्लोक म्हणायला घेतला. पहिला चरण खणखणीत झाला. दुसऱ्या चरणाला आवाज चिरकला. तिसऱ्याला ते गृहस्थ खाकरले आणि चौथा चरण आलाच नाही. शेजारचा पाणी प्यायला. त्याच्या पलीकडचा गळा चोळू लागला. मग एकेक करत आख्खी रांग खाकरू लागली.

आमचा बाबूराव पातेली उचलायचा, वाढपाला मदत करायचा. तो धावत आत आला.

“काकू, घसं खाजायल्यात मंडळींचं! अळू लागलंय!”

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी कोपऱ्याकडे पाहिलं. ताटली जशीच्या तशी होती.

ताटली काढून बघायची गरज नव्हती, तरी मी काढली. वाडगं काठोकाठ भरलेलं. मी मटकन खाली बसले आणि दोन्ही हातांनी स्वतःच्या तोंडात मारून घ्यायला लागले. एक, दोन, तीन. मथूताई पोळी तव्यावर टाकून तशीच बघत राहिली.

काकूंनी माझं मनगट धरलं. “रडायचं असेल तर नंतर रड. ते वाडगं इकडे आण.”

“काकू, मी…”

“वाडगं!”

मी आणलं. काकूंनी तो सगळा कोळ मोठ्या पातेल्यात ओतला, त्यात गूळ फोडून टाकला, पाणी, मीठ, जिऱ्याची पूड घातली आणि हातानं भराभरा ढवळलं. पाच मिनिटांत साठ माणसांच्या हातात पन्ह्याचे पेले होते. जी चिंच अळूत पडायला हवी होती, ती अशी पेल्यातून मागाहून गेली.

तेवढ्यात बाहेरून मास्तरांचा आवाज आला. म्हणजे आवाजाचं जे काही उरलं होतं ते. चाळीस वर्षं वर्गावर ओरडून जो घसा बसला नव्हता, तो माझ्या एका डावानं बसला.

“अळू कुणी केलं?”

मी उठले होते. काकू माझ्या आधी दारात जाऊन उभ्या राहिल्या.

“आमच्या स्वयंपाकघरातून आलं, मास्तर. चूक झाली. चिंच राहिली. सगळ्यांनी पन्हं घ्या, पाव तासात उतार पडेल. अळू मागे घेते, त्या जागी काकडीची कोशिंबीर वाढते.”

“माझा एक्याऐंशी वर्षांचा सोहळा आहे, दुर्गाबाई!”

“होय. म्हणूनच लाज वाटते आहे. बसा, पन्हं घ्या.”

ना रडारड, ना सबबी. मास्तर धुसफुसत बसले. पन्हं प्यायले. आणखी मागितलं. दुसरी पंगत अळूवाचून बिनबोभाट झाली. देवापुढचा नैवेद्य मात्र तसाच होता, अळूसकट. देवानं काही तक्रार केली नाही, एवढाच त्या दिवशी माझ्या बाजूचा साक्षीदार.

दुसऱ्या पंगतीत मी फक्त हातानं हजर होते. कोशिंबीर कालवली, पाणी भरलं, उष्टी काढली. मन आधीच इस्लामपूरच्या एस.टी.त जाऊन बसलं होतं. पिशवी भरायची, काकूंच्या पाया पडायचं आणि पुन्हा डावाला म्हणून हात लावायचा नाही. ठरलं होतं माझं. अवघ्या जगात मला एक गोष्ट येते असं वाटत होतं, तीही येत नव्हती.

सगळे पांगल्यावर मी परत आणलेल्या अळूचं भांडं उचललं आणि मागच्या परसात विहिरीपाशी गेले. धुण्याच्या दगडावर बसले. वाटीबिटी घेतली नाही. डावानंच खायला लागले.

पहिल्या घासाला काही वाटलं नाही. चव खरंच चांगली होती, त्याचाच जास्त राग आला. तिसऱ्या-चौथ्या घासाला घशात सुया टोचायला लागल्या. मी पाणी घेतलं नाही. साठ माणसांना खायला घातलंस ना, मग आता खा. सातव्या घासाला डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं, आणि ते रडण्याचं की अळूचं हे मलाही सांगता आलं नसतं.

“काय चाललंय?”

काकू मागे उभ्या होत्या.

“मी केलंय. मीच खाणार,” मी म्हणाले. आवाज कावळ्यासारखा आला.

मला वाटलं, ओरडतील. किंवा जवळ घेतील. दोन्हीसाठी माझी तयारी होती. त्यांनी दोन्हीतलं काही केलं नाही. त्यांनी भांडं माझ्या हातून काढून घेतलं, केळीच्या बुंध्याशी ओतून टाकलं आणि कामाच्या आवाजात म्हणाल्या,

“एक बाई जेवायची राहिली आहे. चल, पान मांड.”

“कोण?”

“आहे एक. सकाळपासून पोटात अन्न नाही. त्यात आपलं अळू खाऊन घसा धरलाय बिचारीचा.”

माझ्यामुळे एक बाई उपाशी! मी हात-तोंड धुतलं आणि माजघरात पाट मांडला. केळीचं चांगलं, न फाटलेलं पान निवडलं, पुसलं. आधी मीठ. शेजारी लिंबाची फोड. मग चटणी. चटणीपाशी हात थांबला.

“काकू, घसा धरलाय तर चटणी तिखट लागेल ना त्यांना?”

“तूच ठरव.”

मी चटणी वगळली. कोशिंबीर दह्याची, जरा जास्त. बटाट्याच्या भाजीतल्या मिरच्या वेचून काढल्या. भात तळाचा न घेता मधला, मऊ घेतला. त्यावर वरण, वरणावर तूप. घसा धरला की तुपानं बरं वाटतं, म्हणून दुसऱ्यांदा तूप घातलं. मथूताईच्या चळतीतल्या कडेच्या पोळ्या बाजूला करून मधली लुसलुशीत पोळी घेतली, घडी घालून ठेवली. एक वाटी पन्हं. पाटाभोवती रांगोळीची एक ओळही ओढली. ती बाई माझ्यावर रागावलेली असणार, निदान पानाकडे बघून तरी तिला बरं वाटावं.

“झालं?” काकूंनी विचारलं.

“झालं. बोलवा त्यांना.”

“बस.”

मी काकूंकडे बघतच राहिले.

“अगं बस. निवतंय सगळं.”

“काकू, हे… माझं नाही. हे मी…”

“सकाळपासून तुझ्या पोटात अन्न आहे का?”

“नाही.”

“घसा धरलाय का?”

मी मान डोलावली.

“मग? दुसरी कुठली बाई शोधू मी आता?” काकू माझ्यासमोर भिंतीला टेकून बसल्या. “तिचा घसा धरलाय म्हटल्याबरोबर तू मिरच्या वेचल्यास. तूप दोनदा घातलंस. आणि पाच मिनिटांपूर्वी तिकडे विहिरीवर त्याच बाईच्या घशात तू डावानं अळू कोंबत होतीस. ती दुसरी कुणी असती, तर तू तिला असं खायला घातलं असतंस का?”

मी पाटावर बसले. पहिला घास वरणभाताचा. तो मऊ, कोमट घास घशातून खाली गेला आणि मला असं भरून आलं की दुसरा घास हातातच राहिला. माझ्यासाठी कधी कुणी पान मांडल्याचं मला आठवत नव्हतं. तेही मीच मांडलेलं.

“जेव,” काकू म्हणाल्या. “आणि जेवता जेवता ऐक. माझ्या हाताखालच्या कुणाला हे ठाऊक नाही. मी तुझ्याएवढी असताना एका लग्नात चक्क्यात पिठीसाखर समजून मीठ घातलं होतं. दोनशे पानांचं श्रीखंड.”

“अगं बाई! मग?”

“मग काय. नवऱ्या मुलीच्या बापानं चारचौघांत झापलं. दुसऱ्या दिवशी तो विसरला. मी नाही विसरले. त्या दिवसापासून अकरा वर्षं मी श्रीखंड तोंडाला लावलं नाही. शिक्षा! मी स्वतःला केलेली.”

“मग काय झालं?”

“श्रीखंडाला काही झालं नाही. माझीच अकरा वर्षं गेली.”

“आणि आता खाता?”

“आता मधुमेह झालाय,” काकू म्हणाल्या.

मला ठसका लागला. हसू आणि भात एकदमच घशात आले. काकू पाठ थोपटत स्वतःही हसत होत्या. तेवढ्यात दारात काठीचा आवाज झाला. आपटे मास्तर. मी उष्ट्या हातानं उठायला लागले.

“बस, बस. जेवणावरून उठू नये.” त्यांचा आवाज अजून घोगरा होता. मला त्यांनी नखशिखांत न्याहाळलं. “अळू तू केलंस?”

“हो.”

“वर्गात खरं सांगणाऱ्याला मी निम्मी शिक्षा करत असे. ‘अळूत चिंच घालावी’ हे वाक्य दहा वेळा लिहून आणायचं. शुद्धलेखनासह.” मग काकूंकडे वळून ते म्हणाले, “पन्हं उरलंय का हो?”

ते पेला घेऊन गेले. काकू म्हणाल्या, “मंगळवारी भाव्यांकडे मंगळागौर आहे. अळू करायचंय. तूच करणार आहेस.”

“मी नाही. काकू, मी इस्लामपूरला…”

“बरं. बुधवारी जा. मंगळवारी अळू कर.”

मी मंगळवारी अळू केलं. कोळ घातला, आणि घातला की नाही हे मथूताईला तीनदा विचारलं. बुधवारी मी इस्लामपूरला गेले नाही. दिवाळीपासून नाही, पण संक्रांतीपासून लहान कार्यं एकटीनं घेऊ लागले आणि पुढे तीस वर्षं तेच केलं. चुका पुष्कळ झाल्या. एकदा जिलब्यांचा आख्खा घाणा बिघडला, एकदा पुरण पातळ झालं. प्रत्येक वेळी डोक्यातलं ते जुनं ‘बावळट’ सुरू व्हायचं. ते काही गाव सोडून गेलं नाही. पण घरी आले की मी पाट मांडायची. आधी मीठ, मग लिंबू. पोळी चळतीच्या मधली. कधी कधी तेवढं करायलाही रडत रडतच उठावं लागे. आज मी अडुसष्ट वर्षांची आहे, एकटी राहते आणि माझ्या पानात लिंबाची फोड असते. शेजारची सून चेष्टा करते, “मावशी, पाहुणे आलेत का?” मी म्हणते, “हो.”

हे सगळं मी काकूंकडून शिकले असं लोकांना सांगते, आणि ते खरंच आहे. त्यांचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. पण त्या दिवसातलं एक सांगायचं राहिलं.

माझं जेवण झालं. पान उचलून मी परसात टाकून आले, तर स्वयंपाकघरात काकू एकट्याच चुलीपाशी उभ्या होत्या. परातीत मी बाजूला केलेल्या कडेच्या पोळ्या पडल्या होत्या, दोन करपलेल्या, एक फाटलेली. काकू त्यातला एक तुकडा मोडून, पातेल्याच्या तळाशी राहिलेलं वरण पुसून, उभ्याउभ्या खात होत्या. साठी उलटलेली बाई. पहाटे चारपासून उभी.

मी थोडा वेळ नुसती बघत राहिले. मग हात धुतले. पाट पुन्हा मांडला. केळीचं न फाटलेलं पान निवडलं. मीठ. कोशिंबीर, भाजी, बेतानं मऊ भात, वरण, तूप. मधली पोळी.

“काकू.”

“काय गं?”

“एक बाई जेवायची राहिली आहे.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पानाकडे पाहिलं, हातातल्या करपलेल्या तुकड्याकडे पाहिलं. हसतील असं मला वाटलं होतं. त्यांनी तो तुकडा परातीत ठेवला, पदरानं हात पुसले आणि पाटावर येऊन बसल्या. कितीतरी वेळ पानाला हात लावला नाही.

“चाळीस वर्षं झाली गं,” त्या शेवटी म्हणाल्या. “दुसऱ्यांना सांगते मी. मला नाही जमलं.”

मग त्यांनी डोळे पुसले, पानावरून एकदा नजर फिरवली आणि आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “लिंबाची फोड कुठे आहे?”

मी लिंबू चिरायला धावले.